उरलेल्याचं वजन

नोव्हेंबरात बातुमीमध्ये समुद्र तेवढा कामावर येतो,
बाकी सगळे रजेवर.
चार मजल्यांत एकच खोली लागलेली, तीनशे सात.
तरी अन्झोर मॅनेजर म्हणाले,
हॉटेल आहे हे, त्सिरा, खानावळ नाही.
बफे म्हणजे बफे. अडतीस पदार्थ मांड.

मांडले.
खाचापुरीची परात, वाफ धरून.
राजम्याचं लोबिओ, आंबट आलुबुखारांची चटणी,
तीन तऱ्हेचं चीज, आणि चौथं परदेशी,
ज्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
टरबुजाचे काप. या दिवसांत टरबूज!
विमानातून आलेलं, पांढरट, चवीला नुसतं पाणी.
आणि माझा कोपरा: उंच टोपी, दोन तवे, साठ अंडी,
'आपल्या आवडीप्रमाणे ऑम्लेट' अशी पाटी, तीन भाषांत.

सात वाजले. आठ.
भांड्यांखालच्या निळ्या ज्योती आपल्या जळतायत.

पाहुणा आला तो जिन्याने.
लिफ्ट बंद आहे ना. ती दुरुस्त करायलाच आलेला,
ग्रामितोन, चियातुराचा, साठी उलटलेला.
सुटा भाग कुताइसीहून निघालाय
असं पाच दिवस ऐकतोय,
म्हणून हॉटेलनेच ठेवून घेतलाय, पाहुणा म्हणून.

दारात थबकला. अडतीस झाकणांकडे पाहिलं,
मग स्वतःच्या नखांकडे.
कुणी यायचंय का?
तुम्हीच.
म्हणजे हे सगळं...
हात पाठीमागे बांधून त्याने एक फेरी मारली,
वस्तुसंग्रहालयात मारतात तशी,
आणि एक उकडलेलं अंडं घेतलं. चहा.
बसला तोही स्वयंपाकघराच्या दाराशी,
जिथे कुणीच बसत नाही.

म्हटलं, ऑम्लेट करते. नको.
खाचापुरी? डॉक्टर रागावतो.
मग म्हणाला,
तुम्ही काय खाल्लंत सकाळी?

बारा वर्षं झाली या तव्यांमागे.
कांदा घालू का, बलक चालेल का,
एवढंच विचारत आलेय मी जगाला.
जगाने उलट विचारलं नव्हतं.

बफेतलं खायची आम्हाला बंदी. डबा आणायचा.
डबा उघडून दाखवला:
काल रात्रीची म्चादी, मक्याची, कडा करपलेली,
सोबत खारट चीजचा तुकडा.
अर्धी मोडून दिली. नाही म्हणाला नाही.
खाणीवर रोपवेने जायचो, म्हणाला,
दरीच्या बरोबर मध्यावर ही खायची.
तिथे वाटेकरी म्हणजे वारा.

साडेदहाला वजनकाटा.
टाकण्याआधी सगळं तोला, वहीत लिहा, हा अन्झोरांचा दंडक.
रकाने तीन: तारीख, पाहुणे, उष्टं.
पाहुणे, एक.
परात पालथी केली. लोबिओ साय धरलेलं.
टरबूज सगळंच्या सगळं.
बावीस किलो चारशे.

इथे पेन अडलं.
ज्याला हात लागला नाही, ओठ लागला नाही,
ज्याच्यावरून नुसती एक नजर फिरली,
त्याला उष्टं कसं म्हणायचं?
उष्टं व्हायला आधी कुणीतरी जेवावं लागतं.
तरी लिहिलं. दुसरा रकाना नाही.

त्याच्या बशीत अंड्याची टरफलं, एकात एक नीट रचलेली,
आणि म्चादीची करपलेली कड,
दाताच्या खुणेसकट.
ती काट्यावर ठेवली नाही.
उभ्याउभ्याच तोंडात टाकली.
कडक होती.
थोडा मशिनच्या तेलाचा वास.

जिन्यातून हातोड्याचे आवाज येत होते.
सुटा भाग आला नव्हताच;
तरी काहीतरी ठोकत होता.